आसियानच्या शेजारधर्माची कसोटी

प्रादेशिक राष्ट्रसंघटनांचा परिषदा आणि ठराव यांपलीकडे काही उपयोग असतो का, अशी शंका घेणाऱ्यांनी २००८ च्या मे महिन्यात म्यानमारमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या ब्रह्मदेशात, काय घडले ते पाहावे. २ मे रोजी ‘नर्गिस’ चक्रीवादळ इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळले. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. परंतु तेथील लष्करशहांना वादळापेक्षा परकीयांची धास्ती अधिक! धान्य व औषधे घ्यायला त्यांची ना नव्हती. ती वाटणारे परदेशी तज्ज्ञ मात्र त्यांना नको होते. पाश्चात्त्य युद्धनौका मदतसामग्री घेऊन किनाऱ्याजवळ थांबल्या होत्या. सरकारची संमती नसली तरी मदत पोचवावी, असे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार कुशनेर यांनी सुचविले. हेतू चांगला होता. पण त्यामुळे सेनापतींचा संशय बळावणेच स्वाभाविक होते.

ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा होता तो आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेचा, म्हणजे आसियानचा. १९ मे रोजी सिंगापूरला तिच्या परराष्ट्रमंत्र्यांची तातडीची बैठक झाली आणि मदतकार्याचे नेतृत्व आसियानने करावे असे ठरले. चार दिवसांनी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की मून यांनी लष्करप्रमुख थान श्वे यांची भेट घेतली. मेअखेरीस आसियान, म्यानमार सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांची त्रिपक्षीय समिती उभी राहिली. व्हिसापासून वाहतुकीपर्यंतच्या अडचणी तिघांनी एकत्र बसून सोडवायच्या, अशी रीत पडली. ही समिती २०१० पर्यंत काम करीत होती.

आसियानपाशी ना मोठे आरमार होते, ना भरलेली तिजोरी. होता तो विश्वास. पाश्चात्त्यांची नाराजी पत्करून १९९७ साली तिने म्यानमारला सभासद करून घेतले होते. एकट्या थायलंडने रदबदली केली असती, तर शतकांचे वैर आठवले असते. दहा राष्ट्रांच्या संघटनेला होकार देण्यात सेनापतींना कमीपणा वाटला नाही.

मग हीच संघटना पुढे निष्प्रभ का ठरली? १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावून ऑंग सान सू ची यांना अटक केली. २४ एप्रिलला जाकार्ता येथे लष्करप्रमुख मिन ऑंग लाइंग यांच्या उपस्थितीत पंचकलमी मतैक्य झाले. हिंसाचार थांबवावा, सर्व पक्षांशी संवाद साधावा, विशेष दूत नेमावा, ही त्यातील मुख्य कलमे. सेनापती मायदेशी परतले आणि गोळीबार चालूच राहिला. आसियानने त्यांना ऑक्टोबरच्या शिखर परिषदेला बोलावले नाही. २०२६ चे अध्यक्षपद म्यानमारऐवजी फिलिपाईन्सला देण्याचेही ठरविले. मजल गेली ती एवढीच.

याचे एक कारण उघड आहे. वादळानंतर सेनापतींना मदत तेवढी घ्यायची होती. येथे सत्ताच सोडायची होती. दुसरे कारण संघटनेच्या घडणीतच आहे. तिचे निर्णय एकमताने होतात, आणि थायलंडला म्यानमारचा नैसर्गिक वायू हवा असतो, तर मलेशियावर रोहिंग्या निर्वासितांचा भार पडतो. (आपण मात्र तिला फार नावे ठेवू नयेत. सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेलीच नाही आणि म्यानमारमधून मिझोराममध्ये आलेल्या हजारो निर्वासितांविषयी भारताचेही निश्चित धोरण दिसत नाही.)

सत्तेचा तंटा सोडविण्याची शक्ती आसियानपाशी नाही, हे मान्य करूनही तिला दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. अध्यक्षपद दरवर्षी फिरते आणि त्याबरोबर विशेष दूतही बदलत आला आहे. ओळखी जुळेपर्यंत त्याची मुदत संपते. तो काही वर्षांसाठी नेमला पाहिजे. दुसरे म्हणजे मदतीची वाट केवळ सेनापतींच्या अंगणातून जाता कामा नये. मार्च २०२४ मध्ये थायलंडने मे सोत येथून मदतीची पहिली खेप सीमेपलीकडे धाडली. परंतु ती म्यानमारच्या रेडक्रॉसमार्फत गेल्यामुळे लष्कराच्या ताब्याबाहेरील खेड्यांपर्यंत कितपत पोचेल, अशी शंका तेव्हाच घेतली गेली होती.