सर, अजून एक सेट?

बालेवाडी. सकाळचे नऊ. क्रीडासंकुलातल्या जिममध्ये लोखंड वाजतंय, पण नेहमीपेक्षा कमी. आज शर्यती आहेत.

शंभर मीटर धावणारी मुलगी बारखाली शिरते. ६५ किलो. ७५ तिला जेमतेम एकदाच झेपतं. सावकाश खाली जाते, उसळून वर येते. एक, दोन, तीन. बार खाडकन रॅकवर. मग तीन मिनिटं नुसतं बसायचं. पुन्हा तीन. पुन्हा बसायचं. तिसरा सेट संपतो तेव्हा कपाळावर कुठे घाम दिसू लागतो.

"सर, अजून एक सेट?"

"नाही. आता जेव आणि पड जरा."

दारात तिचे बाबा उभे आहेत. शर्यतीच्या दिवशी वजनं कशाला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं. काळजी रास्त आहे. दोन सेट जास्त झाले तर संध्याकाळी पाय जड होणारच. पण असा मोजका, जोरकस व्यायाम सहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, उडी आणि वेग किंचित वाढवतो. मुरलेल्या खेळाडूंना तो जास्त मानवतो. रॅकजवळ घुटमळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला सर बाहेर पिटाळतात. ते मला फार पटतं.

दुपारी साडेतीन. ट्रॅकवरून झळा येतायत. तापलेल्या रबराचा वास, त्यात बामाचा. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुलं गुडघे उचलत, टाचा आपटत पुढे सरकतात. ती हळू धावते, मग जोरात, मग स्पाइक्स चढवून आणखी जोरात. मांडीचे स्नायू एका अंशाने तापले तरी ताकदीत २ ते ५ टक्क्यांचा फरक पडतो. इथे निकाल शतांश सेकंदावर लागतात.

आणि मग कॉल रूम. कापडी मांडव, एक पंखा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. रांग लागते. चेस्ट नंबर तपासतात, स्पाइक्सचे खिळे उलटे करून बघतात. दहा मिनिटं जातात, वीस जातात. आधीची हीट लांबलीय. कमावलेली ऊब या खुर्च्यांवर वाया जाते, आणि ते बघताना दर वेळी जीव तुटतो. वेळापत्रक आखणाऱ्यांनी एकदा इथे स्पाइक्स घालून बसावं.

ती बसत नाही. ट्रॅकपँट अंगावरच ठेवते. कोपऱ्यात जाऊन गुडघे छातीशी घेत चार उड्या मारते, थांबते, श्वास सोडते. काही वेळाने पुन्हा चार.

"चौथी हीट!"

आठ जणी बाहेर पडतात. ब्लॉक लावतात. ती वीसेक मीटर सुसाट जाऊन चालत परत येते, मनगटं झटकते.

मांडवात पाचव्या हीटच्या मुली मोकळ्या खुर्च्यांवर टेकतात. जाळीपलीकडून कुणाच्या तरी मॅडम ओरडतात, "बसू नका गं, हलत राहा!"