दृश्य संपादक आणि हाताने लिहिलेले एचटीएमएल : वेबपृष्ठ-निर्मितीच्या दोन पद्धतींचे विवेचन

प्रस्तावना :
प्रवेशाच्या सूचना, परीक्षांची वेळापत्रके, गुणवत्ता हमी कक्षाचे वार्षिक अहवाल इत्यादी मजकूर आज महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा लागतो. हे काम पुष्कळदा एखाद्या प्राध्यापकाकडेच सोपविले जाते. ते हाती घेताच पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, पृष्ठ दृश्य संपादकात तयार करावे की त्याचे एचटीएमएल हाताने लिहावे? वरकरणी हा केवळ सोयीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः प्रसिद्ध केलेला मजकूर कोणाला वाचता येईल आणि किती काळ टिकेल, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दोन पद्धतींचे स्वरूप, गुण व मर्यादा यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
एचटीएमएल ही मजकुराला खुणा करण्याची भाषा होय. अमुक ओळ शीर्षक आहे, अमुक भाग परिच्छेद आहे, हे ती टॅगच्या साहाय्याने सांगते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत नेक्स्ट संगणकावर तयार केलेला पहिला ब्राउझर हा संपादकही होता. वापरकर्त्याने टॅग पाहावेत अशी त्यांची अपेक्षा नव्हती. परंतु १९९३ मध्ये लोकप्रिय झालेल्या मोझाइक ब्राउझरमध्ये पृष्ठ केवळ पाहता येत असे, त्यात बदल करता येत नसे. त्यामुळे साध्या नोटपॅडसारख्या साधनात टॅग लिहिण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजेच दृश्य संपादन ही नंतरची सोय नसून मूळ कल्पनाच होती.

पुढे मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये फ्रंटपेज विकत घेतले आणि १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर बाजारात आले. ‘जे दिसते तेच मिळते’ हे अशा संपादकांचे तत्त्व होय. फ्रंटपेजची २००३ ची आवृत्ती ही शेवटची ठरली. तथापि तत्त्व मागे पडले नाही. वर्डप्रेसने डिसेंबर २०१८ मध्ये आणलेला ठोकळ्यांचा संपादक हे त्याचेच पुढचे रूप आहे.

दृश्य संपादकाचे गुण :
संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या अध्यापकालाही स्वतःचा मजकूर स्वतः प्रसिद्ध करता येतो, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होय. वीस ओळींचे वेळापत्रक हाताने टॅग लिहून तयार करणे कंटाळवाणे असते. त्यात एखादा टॅग बंद करावयाचा राहिला तर रचना बिघडते. संपादक हे काम बिनचूक आणि अल्प वेळात करतो. तेव्हा हस्तलेखन म्हणजे शुद्ध विद्या व दृश्य संपादक म्हणजे आळस, अशी विभागणी न्याय्य ठरत नाही.

दिसणे आणि असणे यांतील अंतर :
अडचण उद्भवते ती अन्यत्र. ‘प्रवेश सूचना’ हे शब्द निवडून ठळक व मोठे केले तर ते डोळ्यांना शीर्षक भासतात; एचटीएमएलच्या दृष्टीने मात्र तो केवळ ठळक अक्षरांतला परिच्छेद असतो. याउलट तेच शब्द शीर्षकाच्या टॅगमध्ये घातले म्हणजे त्यांचा अर्थही नोंदला जातो. दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडरच्या साहाय्याने पृष्ठ ऐकतो. एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरमध्ये रोमन ‘एच’ची कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येते. शीर्षकाचा टॅग नसेल तर ही वाट बंद होते व त्याला संपूर्ण पृष्ठ ओळीने ऐकत बसावे लागते. दोन्ही पृष्ठे पडद्यावर सारखीच दिसत असल्याने हा दोष पृष्ठ तयार करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

वर्डमधील मजकूर जसाच्या तसा चिकटविण्याच्या सवयीतही हाच धोका आहे. त्यासोबत मांडणीच्या असंख्य अनावश्यक सूचना पृष्ठात शिरतात. ड्रीमवीव्हरमध्ये वर्डचे एचटीएमएल स्वच्छ करण्याची स्वतंत्र आज्ञाच द्यावी लागली, यावरून ही अडचण किती व्यापक होती हे स्पष्ट होते.

मराठी पृष्ठांचा अनुभव :
या अंतराची सर्वाधिक किंमत भारतीय भाषांनी मोजली आहे. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्थान असले, तरी त्यानंतर अनेक वर्षे कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फाँटमध्ये मजकूर तयार होत राहिला. अशा फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असतात. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये टंकित केलेला ‘काम’ हा शब्द संगणकात डी, के, ई या तीन रोमन अक्षरांच्या रूपानेच साठविला जातो. ज्याच्या संगणकावर तो फाँट नसेल त्याला निरर्थक अक्षरे दिसतात. शोधयंत्रालाही तो शब्द सापडत नाही.

दृश्य संपादकाच्या पडद्यावर मात्र उत्तम मराठी दिसत असे, कारण लेखकाच्या संगणकावर फाँट उपलब्ध असे. तेच पृष्ठ नोटपॅडमध्ये उघडले असते तर खरी स्थिती तत्काळ उघड झाली असती. येथे ‘जे दिसते’ ते लेखकालाच मिळाले, वाचकाला नव्हे.

युनिकोडमुळे हा प्रश्न बव्हंशी सुटला असला, तरी भाषेची नोंद करण्याचा प्रश्न शिल्लक आहे. मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्याने पृष्ठाची भाषा मराठी आहे, हे एचटीएमएलमध्ये ‘लँग’ या गुणधर्माने सांगावे लागते. ही नोंद असल्यास स्क्रीन रीडरला मराठी उच्चारण निवडता येते. तसेच ज्या फाँटमध्ये सोय आहे तेथे ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे उमटतात. पृष्ठाच्या दृश्य रूपात ही नोंद कोठेही दिसत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार :
यावरून असे म्हणता येईल की, एचटीएमएल सर्वांनी लिहिलेच पाहिजे असे नाही. परंतु संकेतस्थळाची जबाबदारी घेणाऱ्यास ते वाचता आले पाहिजे. पृष्ठ दृश्य संपादकात तयार केल्यावर त्याचे मूळ एचटीएमएल उघडून चार गोष्टी तपासाव्यात : शीर्षकांना शीर्षकाचेच टॅग आहेत काय, चित्रांना पर्यायी मजकूर दिला आहे काय, भाषेची नोंद मराठी अशी आहे काय, आणि मजकूर युनिकोडमध्ये असून संकेतनाची नोंद ‘यूटीएफ-८’ अशी आहे काय. ही तपासणी शिकण्यासाठी संगणकाच्या पदवीची गरज नाही. काही पृष्ठे एकदा हाताने लिहून पाहिली तरी पुरेसे होते. विद्यार्थ्यांनाही प्रथम हस्तलेखन व नंतर संपादक या क्रमाने शिकविणे म्हणूनच इष्ट ठरते.

समारोप :
दृश्य संपादक आणि हस्तलेखन या परस्परविरोधी पद्धती नसून एकाच कामाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली श्रम वाचविते, दुसरी श्रमांचे फळ तपासते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही मागणीनुसार एचटीएमएल लिहून देतात. त्यांनी दिलेले पृष्ठही याच कसोट्यांवर पारखावे लागते. महाविद्यालयाची सूचना डोळस विद्यार्थ्याइतकीच दृष्टिहीन विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावी आणि आजचा मराठी मजकूर काही वर्षांनंतरही शोधता व वाचता यावा, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू होय. तो साध्य करण्यासाठी पडद्यावर दिसणाऱ्या पृष्ठामागे काय लिहिले आहे, हे पाहण्याची सवय अध्यापकाने स्वतःस लावून घेणे अगत्याचे आहे.