पाण्यांतून गेलेलें एंजिन

विटा हें गांव दुष्काळी टापूंतलें. सांगली जिल्ह्याच्या या भागांत पाऊस बेताचा, आणि पाणी आणावें कोठून ही खानापूर तालुक्याची पिढ्यान्‌पिढ्यांची विवंचना. पुराची संवय नसलेल्या अशा मुलखांत पुराचें पाणी अधिक फसवितें. खटावकडून येणारी येरळा तालुक्याच्या पश्चिम भागांतून वाहत पुढें ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. एरवीं तिचें पात्र बहुधा कोरडें. परंतु परतीचा पाऊस एकदां कोसळला कीं तिला मिळणारे ओढे पाहतां पाहतां फरशी पुलांवरून वाहूं लागतात. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर चढलें होतें. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट. असा महापूर क्वचित् येतो. फरशीवरचें हात-दीड हात पाणी मात्र पावसाळ्यांत कोठें ना कोठें वाट अडवितेंच, आणि गाड्यांचीं एंजिनें बहुधा तेथेंच बिघडतात.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, विट्याहून अंड्यांचे ट्रे भरून निघालेली एक जुनी डिझेल पिकअप ओढ्याच्या मध्यावर बंद पडली आहे. माल नाशवंत, पाठीमागें गाड्यांची रांग, आणि चालकाचा हात आपोआप किल्लीकडे जातो. तो सेल्फ मारतो. एकदां, दोनदां, तीनदां. पुष्कळ एंजिनांचा घात पाण्यानें होतो असें वाटतें. वस्तुतः तो या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नानें होतो.

याचें कारण डिझेल एंजिनाच्या घडणींतच आहे. रुडॉल्फ डीझेल या जर्मन एंजिनिअरानें १८९३ सालीं पेटंट मिळविलेल्या या यंत्रांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सायकलीचा पंप जोरानें मारतांना त्याची नळी तापते, त्याच न्यायानें सिलिंडरांतील हवा पिस्टनानें दाबून इतकी तापविली जाते कीं तींत उडविलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. अडीच लिटरच्या चार सिलिंडरी एंजिनांत प्रत्येक पिस्टन सुमारें ६२५ घन सेंटिमीटर हवा ढकलतो. दाबाचें प्रमाण अठरास एक असेल, तर पिस्टन वरच्या टोकास पोहोंचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा केवळ ३७ घन सेंटिमीटरांच्या आसपास असते. हवा दबते, पाणी दबत नाहीं. घरांतल्या मोठ्या अडीच चमच्यांएवढें पाणी सिलिंडरांत शिरलें कीं पिस्टनास वर जावयास वावच राहत नाहीं. मग जोर सारा कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वांकतो. क्वचित् तुटून ब्लॉक फोडतो.

म्हणून बंद पडलेल्या गाडीचें निदान वैद्याच्या जुन्या क्रमानेंच करावें. आधीं प्रश्न, मग दर्शन, मग स्पर्श. औषध सर्वांत शेवटीं.

पहिला प्रश्न असा कीं, एंजिन बंद पडलें तें कसें? धक्का बसून एकदम थांबलें असेल, तर पाणी सिलिंडरांत गेलें असें धरूनच चालावें. आचके देत, दम कोंडल्यासारखें थांबलें असेल, तर भिजलेला एअर फिल्टर किंवा डिझेलमध्यें मिसळलेलें पाणी यांचा संशय घ्यावा. जुन्या पेट्रोल गाडींत प्लगच्या वायरी ओल्या झाल्यानें एंजिन अडतें, व त्या पुसून वाळविल्या कीं बहुधा काम भागतें. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाडीस ठिणगीची गरजच नाहीं. तिच्यांत विजेचा दोष असलाच, तर बव्हंशीं पंपावरील डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेचा किंवा तिच्या फ्यूजचा.

दुसरी पायरी पाहण्याची. गाडी ढकलून कोरड्या जागीं आणावी आणि बॅटरीची एक तार सोडावी. एअर फिल्टरचें झांकण उघडावें. आंतील कागद कोरडा व पेटी स्वच्छ असेल, तर मोठी भीति टळली. कागद भिजून चिखलानें माखला असेल, तर किल्लीस हात लावूं नये. नंतर डिपस्टिक काढून पाहावी. ऑइल दुधाळ, चहासारखें दिसल्यास त्यांत पाणी मिसळलें आहे. परंतु एंजिन त्यानंतर फिरलेलेंच नसेल, तर पाणी जड म्हणून तळाशीं स्वस्थ बसतें आणि डिपस्टिकवर फक्त ऑइलची पातळी वाढलेली दिसते. तळाचा बोल्ट थोडा सैल करतांच आधीं पाणी ठिबकतें. दुधाळ ऑइल हेड गॅस्केट गेल्यानेंही होतें. मात्र तेव्हां रेडिएटरमधील पाणी कमी झालेलें आढळतें. हा भेद न पाहतां एंजिन खोलण्याचा खर्च करूं नये.

तिसरी पायरी हाताची. हीटर प्लग किंवा नोझल काढून, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, क्रँकची पुली पान्यानें हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवावी. वाट मोकळी असल्यानें सिलिंडरांतील पाणी त्या छिद्रांतून निर्धोक बाहेर पडतें. पुली मध्येंच अडली तर जोर करूं नये. ती मोकळी फिरली, तरच क्षणभर सेल्फ मारून उरलेलें पाणी उडवावें, आणि त्या वेळीं छिद्रांसमोर कोणीही उभें राहूं नये. मग ऑइल व त्याचा फिल्टर बदलावा, हवेची नळी पुसावी, नवा एअर फिल्टर बसवावा, डिझेल फिल्टरच्या तळचें पाणी सोडावें, आणि मगच एंजिन चालू करावें. हें काम दिवसेंदिवस लांबविल्यास सिलिंडरांस गंज धरतो.

एंजिन सुरू झालें म्हणजे सर्व ठीक, असेंही नव्हे. किंचित् वांकलेला रॉड कांहीं काळ काम देतो. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांहून कमी भरणें, नवा ठोका ऐकूं येणें, ऑइल अधिक जळणें हीं त्याचीं चिन्हें. मागच्या डिफरन्शिअलचें ऑइलही तपासावें. तापलेलें घर थंड पाण्यांत बुडतांच त्याच्या श्वासनळींतून पाणी आंत ओढलें जातें. ब्रेक ओले असतांना ते लागत नाहींत. म्हणून पाण्याबाहेर येतांच हळू चालींत ते दोनचारदां दाबून सुकवावेत.

परंतु या साऱ्या उपचारांपेक्षां पाण्यांत न शिरणें अधिक स्वस्त. वाहतें पाणी फूटभर खोल असलें तरी लहान मोटार वाहून नेऊं शकतें, आणि दोन फूट पाण्यापुढें बहुतेक गाड्यांचा टिकाव लागत नाहीं. गढूळ पाण्याखालीं फरशी शाबूत आहे कीं वाहून गेली, हें कांठावरून कळत नाहीं. पाणी वाढतांना गाडी अडकलीच, तर माल व गाडी सोडून माणसांनीं आधीं बाहेर पडावें.

जुनी पिकअप ही पुष्कळ घरांची मिळकत असते. एक खेप बुडाली तर तोटा एका दिवसाचा; एंजिन फुटलें तर वर्षाचा. यासाठीं चालकानें एवढें एकच लक्षांत ठेवावें: पाण्यांत बंद पडलेल्या गाडीची किल्ली काढून खिशांत घालावी, आणि एअर फिल्टरची पेटी उघडून पाहिल्यावांचून ती पुन्हां लावूं नये.