सुकाणूचा सांधा

पूर्वींच्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, ज्या कुटुंबांचा अरण्याशीं नित्याचा संबंध आला त्यांस जीप या वाहनाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेली ही विलीज कंपनीची गाडी स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनें आपल्या देशांत तयार केली. आणि तिच्यांतील उंच बॉनेटची 'सीजे-३बी' ही जात तर कित्येक दशकें आपल्या रस्त्यांवर धांवत राहिली.

आमच्या घरींहि अशी एक जीप आहे. वयानें ती घरांतील निम्म्या माणसांहून वडील असल्यामुळें तिच्या खोडी आम्ही वडीलधाऱ्यांच्या खोडींप्रमाणें निमूटपणें सोसतों. गेल्या मार्गशीर्षांत सुटीवर आलेल्या आमच्या पुतणीनें ती मूलपर्यंत चालवून परत आणली आणि ओसरीवर पाऊल टाकतांच ती म्हणाली, "काका, गाडी सरळ चालत नाहीं. चक्र चार बोटें फिरवावें, तेव्हां कोठें चाकांस कळतें." तिचे वडील, म्हणजे आमचे धाकटे बंधु, हंसून म्हणाले, "अग, जुनी जीप आहे. ती अशीच चालायची." आम्हीहि त्यांच्याच बाजूचे होतों. चारच दिवसांनीं गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली या मार्गानें सर्वांनीं मिळून हेमलकशास जावयाचें ठरलें होतें, आणि त्या बेताचाच आनंद आम्हांस अधिक होता.

पुतणीनें मात्र हट्ट सोडला नाहीं. तिनें वडिलांस चक्रावर बसविलें, तें किंचित् डावीउजवीकडे हालविण्यास सांगितलें आणि आम्हांस गाडीखालीं वांकावयास लावलें. चाकाजवळच्या सांध्यावर बोटें ठेवतांच आमचें हंसूं मावळलें. नळी हालत होती, पण चाक जागच्या जागीं होतें! आम्ही दोघे बंधु रोज ती गाडी चालवीत होतों आणि आम्हांस हें उमगलें नव्हतें. झीज दिवसास केसभर होते आणि हात तितकेंच केसभर अधिक फिरावयास शिकतो. म्हणून जो रोज चालवितो त्यासच ती सर्वांत उशिरां कळते.

हा सांधा म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. सुकाणूचें चक्र, ज्यास आपण स्टिअरिंग म्हणतों, तें फिरलें कीं त्याची गति एका दांड्यानें मधल्या तरफेस आणि तेथून दोन आडव्या नळ्यांनीं दोन्ही चाकांस पोंचते. या नळ्यांस मिस्त्री टाय रॉड म्हणतात. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांस एकेक सांधा : वाटींत बसविलेली पोलादी गोटी, गोटीस निमुळती दांडी, वर रबराची टोपी आणि आंत ग्रीस. आपल्या खांद्याचीच ही युक्ति होय. रबर फाटलें कीं आपल्याकडील मुरमाची धूळ आणि नाल्यांचें पाणी आंत शिरतें, आणि ग्रीस हें वंगण न राहतां पोलाद घासणारा लेप बनतें. अखेर एखाद्या दिवशीं गोटी वाटींतून निसटते. मग चक्र हातांत राहतें आणि चाक आपल्या मर्जीनें जातें. तो दिवस आलापल्लीच्या पुढील अरण्यांत उजाडला असता तर काय झालें असतें, हा विचार त्या रात्रीं आम्हां कोणासहि सुखानें झोंपूं देईना.

नवा सांधा दुसरे दिवशीं बाजारांतून आणला आणि अंगणांतच काम काढलें. ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून क्रम देतों.

गाडी सपाट जागीं उभी करून मागील चाकांस दगडांची अटक लावावी. जॅकनें पुढचा भाग उचलल्यावर आंसाखालीं लोखंडी घोडी दिलीच पाहिजे. केवळ जॅकवर किंवा विटांवर विसंबून गाडीखालीं जाणें हा आत्मघात आहे. उचललेलें चाक प्रथम वरखालीं धरून हालवावें. त्यांत खेळ लागला तर दोष बेअरिंगचा किंवा किंग-पिनचा असण्याचा संभव असतो, आणि मग केवळ सांधा बदलून भागत नाहीं.

नंतर कॉटर पिन काढून नट सैल करावा, परंतु तो चारदोन आट्यांवर राहूं द्यावा, म्हणजे सांधा सुटतांना एकदम खालीं पडत नाहीं. दांडीच्या टोकावर ठोके कधींहि मारूं नयेत. ज्या भोंकांत ती बसली आहे त्याच्या एका अंगास जड हातोडा टेकवून दुसऱ्या अंगास नेमका ठोका द्यावा. निमुळती पकड आपोआप सुटते. गॅसच्या ज्वाळेनें तापविण्याचा मोह टाळावा, कारण त्यानें पोलादाचें पाणी उतरतें.

आतां नळीवरील पकडपट्टी सैल करून जुना सांधा फिरवून काढावा, आणि किती फेरे झाले तें मोजावें. नळीच्या एका टोकास उजवे आटे असतात, दुसऱ्यास डावे. नवा सांधा त्याच जातीचा हवा. हे फेरे मोजण्याचें काम आमच्या आईनें जपाची माळ हातांत घेऊन केलें आणि एकाहि फेऱ्याची चूक होऊं दिली नाहीं. तितक्याच फेऱ्यांनीं नवा सांधा बसवावा. भोंक पुसून कोरडें करावें; तें लांबट झालें असेल तर तो भुजाच बदलावा, वेल्डिंग करून वेळ मारून नेऊं नये. नट पक्का आवळल्यावर पिनचें छिद्र जुळलें नाहीं तर नट किंचित् अधिक आवळावा, सैल करूं नये. पिन नवीच घालावी. शेवटीं पकडपट्टी आवळून, रबर किंचित् फुगेपर्यंत ग्रीस भरावें.

एवढ्यानें काम संपत नाहीं. पुढील चाकांचें अंतर मागच्या बाजूपेक्षां पुढच्या बाजूस अगदीं थोडें कमी असावें लागतें. या जातीच्या जीपला तें सुमारें १ ते २·५ मिलिमीटर. टायरवर खडूची रेघ ओढून टेपनें आम्हीं तें मापलें, आणि मग चाकें जुळविणाऱ्या कारखान्यांत नेऊन पुन्हां तपासून घेतलें. घरचें काम परक्यानें तपासावें यांत कमीपणा नाहीं.

ठरल्याहून दोन दिवस उशिरां आम्ही निघालों. आष्टीस वैनगंगा ओलांडली, आलापल्लीचे सागवान मागें टाकले आणि बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं जेथें लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला त्या हेमलकशास सुखरूप पोंचलों. जातांना आणि येतांना चक्र पुतणीच्याच हातीं होतें. परत आल्यावर सर्व नट पुन्हां तपासून पाहिले. एकहि ढिला झाला नव्हता.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक नियम झाला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं जो गाडी चालवीत नाहीं त्यानेंच सांध्यांवर बोटें ठेवून पाहावें. सध्यां ही पाळी आमच्या वहिनींची आहे, आणि आमचे बंधु चक्रावर बसून त्यांच्या आज्ञेची वाट पाहतात.