थोडी कमी जुनी

ऑक्टोबर उजाडला की मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या गावांत दर चार घरांआड अंगणात एक स्लेड विकायला ठेवलेली दिसते. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये इंजिन. कागदोपत्री ती स्नोमोबाइल, पण एवढं लांब नाव घ्यायला इथे कुणाला वेळ नाही. पाटीवर किंमत, मैल आणि बहुतेक वेळा एकच कारण: नवी घेतोय. ही नवी बऱ्याचदा दहा वर्षांची असते. दुकानातली कोरी स्लेड आता सहज पंधरा हजार डॉलरच्या पुढे जाते. वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने चालणाऱ्या गाडीवर एवढे पैसे घालायला हात धजत नाही. म्हणून जुनी काढायची आणि थोडी कमी जुनी आणायची.

मराठी माणसाची या गाडीशी ओळख बहुधा गुलमर्ग किंवा सोलंगच्या फेरीपुरती असते. भाड्याची घासाघीस करायची, चालवणाऱ्याच्या मागे घट्ट धरून बसायचं, फोटो काढून उतरायचं. इथली मंडळी तिच्यावर एका दिवसात शंभर-दीडशे मैल कापतात. मिनेसोटात सुमारे २२,००० मैलांचे स्नोमोबाइल ट्रेल आहेत आणि त्यांतले बहुतेक गावोगावच्या क्लबांचे स्वयंसेवक राखतात. ट्विन सिटीज या इथल्या जोडशहरांत राहून हा बाजार बघत आलोय त्यावरून एवढं सांगू शकतो, की गेल्या तीस-पस्तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या तोंडचा पहिला प्रश्न पुन्हा पुन्हा बदलला. आणि दर वेळी आदल्या काळातल्या चांगल्या धडधाकट गाड्या एका हंगामात म्हाताऱ्या झाल्या.

नव्वदच्या दशकात तो प्रश्न इंजिनाचा होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शंभराहून अधिक कंपन्या स्लेड बनवत होत्या. नंतरच्या पडझडीतून चारच उरल्या. क्वेबेकमधल्या व्हाल्कूरची स्की-डू, मिनेसोटातल्या रोझोची पोलारिस, तिथून सत्तरेक मैलांवरच्या थीफ रिव्हर फॉल्सची आर्क्टिक कॅट आणि जपानची यामाहा. यातली गंमत अशी, की पोलारिस उभी करणाऱ्या तिघांपैकी एडगर हेटीन हाच पुढे तिथून बाहेर पडून आर्क्टिक कॅटचा संस्थापक झाला. त्या दोन गावांमधलं वैर आजही घराघरांत पाळलं जातं. वडिलांकडे कॅट असेल तर मुलगा पोलारिसकडे ढुंकूनही बघत नाही. खरं तर दोघांचीही बहुतेक इंजिनं बाहेरूनच यायची: पोलारिसला फुजीची, कॅटला सुझुकीची. यामाहाचं घरचं आणि स्की-डूचं तिच्याच मालकांच्या ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सचं.

त्या काळाची खूण म्हणजे पोलारिसची इंडी ५००. ही १९८९मध्ये आली. दोन सिलिंडर, ४८८ सीसी, लिक्विड कूल्ड, पुढच्या दोन्ही स्कींना स्वतंत्र सस्पेन्शन. ती इतकी खपली, की आजही कुठल्याही गावात एखादी ताडपत्रीखाली सापडतेच. गिऱ्हाईक तेव्हा विचारायचं: पंख्यावर थंड होणारी घेऊ की लिक्विड? प्रश्न दिसतो त्यापेक्षा शहाणा होता. लिक्विड कूल्ड स्लेडचे कूलर सीटखालच्या टनेलमध्ये असतात आणि पट्ट्याने उडवलेला बर्फच त्यांना गार ठेवतो. ट्रेल टणक झाला किंवा गोठलेल्या तळ्यावरचा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडून गेला, की तापमानाचा काटा चढायला लागतो. पंख्याच्या गाडीला ही चिंता नाही, पण तिची ताकद बेताची. तळ्यावर मासे धरायला जाणारे पंखा घेत, शर्यतीची खुमखुमी असणारे लिक्विड. सस्पेन्शनबद्दल सीट मऊ आहे ना, यापलीकडे फारसं कुणी बोलायचं नाही.

मग २००३चं मॉडेल म्हणून स्की-डूची रेव्ह आली आणि प्रश्नच फिरला.

त्याआधी स्लेडवर माणूस आरामखुर्चीत बसल्यासारखा बसायचा. पाय पुढे लांब, वजन मागे, ढुंगण थेट पट्ट्यावर. शनिवारी दुपारपर्यंत शेकडो गाड्या जाऊन ट्रेलवर गुडघाभर उंचवटे तयार होतात आणि त्या बैठकीत प्रत्येक उंचवटा मणक्यात शिरतो. चाळिशी ओलांडलेला गडी संध्याकाळी उतरताना कमरेवर हात ठेवूनच उतरायचा. रेव्हने चालवणाऱ्याला उचलून पुढे आणलं, गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ. गुडघे वाकलेले, पाय खाली, हवं तेव्हा उभं राहता येईल अशी बैठक. स्नोक्रॉसच्या शर्यतींत उभ्यानेच चालवतात, तिथली ही युक्ती. पहिल्या वर्षी लोकांनी तिच्या रूपाची थट्टा केली, पण एकदा उंचवट्यांवरून चालवून पाहिल्यावर थट्टा थांबली. दोन-चार वर्षांत बाकीच्यांनाही तोच रस्ता धरावा लागला. घाईत काढलेल्या सगळ्याच गाड्या जमल्या नाहीत. पोलारिसच्या २००५च्या फ्यूजन ९००ची बदनामी अजून टिकून आहे आणि ती आज स्वस्तात मिळते ती त्यामुळेच.

जुन्या बाजारात हीच सगळ्यात मोठी रेघ आहे असं माझं मत. रेघेच्या अलीकडची २००१ची देखणी, कमी चाललेली स्लेड आणि पलीकडची २००८ची ओरखडे पडलेली, यांत इंडी ५०० वरून येणाऱ्याने डोळे मिटून दुसरी घ्यावी. पहिली घेतली तर पैसे खर्चून तो जागच्या जागीच राहील. पट्ट्याची लांबीही याच सुमारास वाढत गेली. जुन्या गाड्यांचा १२१ इंचांचा पट्टा दोन उंचवट्यांमधल्या खड्ड्यात उतरतो, १३७ इंचांचा बऱ्याचदा वरून निघून जातो. वळणावर लांब पट्टा थोडा आडमुठेपणा करतो, पण ते तासाभरात अंगवळणी पडतं.

त्याच २००३ साली यामाहाने आरएक्स-१ आणली आणि धुराचा प्रश्न चव्हाट्यावर आला. तोवर स्लेड म्हणजे टू-स्ट्रोक हे समीकरण पक्कं होतं. यामाहाने आपल्या आर१ मोटारसायकलवरून बेतलेलं ९९८ सीसीचं चार सिलिंडरांचं फोर-स्ट्रोक इंजिन तिच्यात बसवलं. मागे सरकारी दबावही होता. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्लेडच्या धुरामुळे पश्चिम प्रवेशद्वारावरच्या रेंजरांच्या केबिनमध्ये ताजी हवा पंपाने सोडावी लागत होती. पुढे तिथे गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आली आणि कमी धुराच्या, कमी आवाजाच्या गाड्यांची अट पडली. देशभरासाठी धुराचे नियम २००२मध्ये ठरले आणि २००६च्या मॉडेलांपासून लागू होत गेले.

आरएक्स १००च्या आवाजावर जीव टाकणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. त्यांना इथल्या पेट्रोल पंपावरचा वाद समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे टू-स्ट्रोक रस्त्यावरून गेली आणि इथे ती वाचली. स्की-डूने २००९च्या मॉडेलात ६०० सीसीचं ई-टेक इंजिन आणलं. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे न जळता नळीवाटे निसटणारा भाग फारच कमी होतो. धूर गेला, तेल कमी लागू लागलं, पेट्रोलही. वजन मात्र टू-स्ट्रोकचंच राहिलं. यामाहाची ॲपेक्स किंवा व्हेक्टर इंजिनाच्या बाबतीत कितीही मैल झेलते, हे खरं आहे. पण खोल बर्फात रुतलेली फोर-स्ट्रोक बाहेर काढायला दोन माणसं लागतात आणि तिसरा शिव्या घालायला.

आता पाहणीबद्दल थोडं, कारण बाजार कितीही बदलला तरी फसायच्या जागा फार बदललेल्या नाहीत. कमी मैल पाहून लोक भुलतात. दहा वर्षांत जेमतेम हजार मैल चाललेली स्लेड म्हणजे दहा उन्हाळे शेडमध्ये पडलेली स्लेड. कार्ब्युरेटरमध्ये चिकट झालेलं पेट्रोल, क्रँकच्या बेअरिंगवर गंज, एअर बॉक्समध्ये उंदरांचं घरटं. त्यापेक्षा दर वर्षी नेमाने चाललेली आणि हंगामाअखेरीस नीट ठेवलेली बरी. कम्प्रेशन मोजायला विकणारा नाही म्हणाला तर तिथेच चहा पिऊन परत फिरावं. दोन्ही सिलिंडरांतला दाब जवळपास सारखा हवा, आकडा त्यानंतर. मग पट्टा हाताने फिरवून बघायचा: तुटलेले दात, चिरा, उघडे पडलेले धागे. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो त्या झिजल्या असल्या तर खर्च किरकोळ आणि भाव पाडायला उत्तम निमित्त. खरा धोका पुढच्या भागात लपलेला असतो. स्की कुठल्या तरी झाडाच्या बुंध्याला किंवा बर्फाखालच्या दगडाला लागलेली असते, स्की बदललेली असते, पण ज्या सांगाड्याला सस्पेन्शन जोडलंय तो वाकलेलाच असतो. बॉनेट उघडून टॉर्च मारल्याशिवाय ते दिसत नाही. रंगाचे ओरखडे मोजत बसणाऱ्याला तर कधीच नाही.

खरेदीचा मुहूर्त पाडव्याच्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये कंपन्या पुढच्या हंगामाच्या गाड्यांची आगाऊ नोंदणी घेतात. ज्यांनी नोंदवली त्यांना जुनी काढायची घाई असते आणि बर्फ वितळल्यामुळे गिऱ्हाईक नसतं. सप्टेंबरात, अमेरिकेतल्या कामगार दिनानंतरच्या शनिवार-रविवारी, नॉर्थ ब्रँचला स्नो बॅरन्स क्लबचा हे डेज नावाचा मेळा भरतो. तिथे स्लेड गवतावर शर्यत लावतात आणि मैदानभर जुन्या सुट्या भागांचा बाजार मांडलेला असतो. बघायला जावंच. भाव मात्र तोवर हिवाळ्याच्या आशेने चढलेले असतात.

शेवटचं वळण अगदी ताजं आहे आणि त्याचा गाडीच्या यंत्राशी संबंध नाही. कोविडच्या दोन हिवाळ्यांत घराबाहेर पडायला दुसरं काही उरलं नव्हतं, तेव्हा जुन्या स्लेडही चढ्या भावाने गेल्या. मग २०२३-२४चा हिवाळा बर्फाशिवाय गेला. मिनेसोटातले बरेचसे ट्रेल नीट उघडलेच नाहीत आणि दुकानांत नव्या गाड्या धूळ खात पडल्या. त्याआधीच, जून २०२३मध्ये, यामाहाने २०२५च्या मॉडेलांनंतर स्नोमोबाइल बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. आर्क्टिक कॅट २०१७पासून टेक्स्ट्रॉनच्या ताब्यात होती. २०२४च्या अखेरीस उत्पादन थांबवत असल्याचं तिने जाहीर केलं आणि २०२५मध्ये ती पुन्हा नव्या मालकांकडे गेली. आता गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं: हिचे पार्ट पाच वर्षांनी मिळतील का?

यामाहाच्या बाबतीत ही भीती मला जरा अवास्तव वाटते. पार्ट आणि सेवा चालू ठेवण्याचं तिने सांगितलं आहे. शिवाय २०१४पासून या दोन कंपन्यांचे संसार एकमेकांत गुंतलेले आहेत. यामाहाच्या व्हायपरची चासी कॅटची आणि कॅटच्या झेडआर ७०००मधलं इंजिन यामाहाचं. त्यामुळे भंगारातूनही बरंच काही जुळून येईल. उलट लोक घाबरून विकतायत, तर इंजिनाचं काम कळणाऱ्याने चांगली ॲपेक्स आत्ता उचलावी. ज्याला स्वतःच्या हाताने बोल्ट फिरवायचा नाही, त्याने जवळच्या दुकानात कुठली कंपनी आहे ते आधी बघावं आणि मग मॉडेल.

डुलुथच्या वर राहणारा ओळखीचा एक सुतार गेल्या वसंतात कुठली घ्यावी याच पेचात होता. घरी इंडी ५००, समोर दोन गाड्या. एक २०१२ची स्की-डू एमएक्स-झेड, ६०० ई-टेक. दुसरी तिच्याहून नवी, पोलारिसच्या ॲक्सिस चासीवरची ८००. दुसरी चालवायला जास्त मजेची, यात वाद नाही. पण ८०० सीसीचं टू-स्ट्रोक बरंच चाललेलं असलं, की वरचा भाग उघडून पिस्टन बदलण्याची वेळ ६०० पेक्षा लवकर येते आणि विकणाऱ्याकडे ते काम झाल्याची पावती नव्हती. तीन पिढ्यांच्या पोलारिसवाल्या घरात पिवळी स्की-डू आणायची म्हणजे वडिलांचे टोमणे ऐकायचे. त्याने ती आणली. स्कीखालची कार्बाइडची पाती झिजलेली होती, त्यावर दीडशे डॉलर कमी करून घेतले. वडील अजून तिला हात लावत नाहीत, इंडीच चालवतात.