बुडालेली मजुरी आणि वंदना

मंडळी, आजचा विषय थोडा सरकारी आहे. तत्त्वज्ञानाचा माणूस योजनांच्या भानगडीत कशाला पडतोय, असं काहींना वाटेल. पण या योजनेच्या उद्देशात एक वाक्य आहे, ते वाचलं आणि मी तिथंच अडकलो.

योजना सगळ्यांच्या ऐकण्यातली आहे, प्रधानमंत्री मातृ वंदना योजना. १ जानेवारी २०१७ पासून ती देशभर लागू झाली. तिचा पहिला उद्देश असा सांगतात: पहिल्या अपत्याच्या आधी आणि नंतर आईला पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून, बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई रोख प्रोत्साहनाच्या रूपानं द्यायची. आता यातले दोन शब्द बघा, भरपाई आणि प्रोत्साहन. भरपाई मिळते ती आपलं काही गेलं म्हणून, तिथं तुम्ही पुढं कसे वागता हे कुणी विचारत नाही. प्रोत्साहन मात्र मिळतं ते समोरच्याला हवं तसं आपण वागावं म्हणून. एकाच वाक्यात दोन्ही बसवले की बाईनं पैसे मागायचे कोणत्या नात्यानं, हे तिलाही कळत नाही आणि देणाऱ्यालाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. १ एप्रिल २०२२ पासून योजनेचं नवं रूप आलं. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंदणी आणि सहा महिन्यांच्या आत निदान एक तपासणी झाली की ३,०००. बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसींची पहिली फेरी पूर्ण झाली की २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये, तेही एकरकमी, जन्मानंतर. पात्रतेची यादी लांबलचक आहे, पण त्यातलं एक काही असलं तरी पुरतं: रोजगार हमीचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, अन्नसुरक्षेचं रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमाती, चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व, किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. सरकारी नोकरीत असणाऱ्या किंवा कायद्यानं पगारी रजा मिळणाऱ्या बाईला ही योजना नाही.

या शेवटच्या अटीपाशी जरा थांबू या. आपल्याच जिल्ह्यातल्या दोघी डोळ्यांसमोर आणा. एक परभणीत राज्य सरकारच्या कचेरीत आहे. तिला १८० दिवस पगारी रजा. ती कचेरीऐवजी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेत असती, तर प्रसूती लाभाच्या कायद्यानं, वर्षभरात ८० दिवस काम भरलं असल्यास, पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे. त्या काळात तिची सरासरी रोजची मजुरी तिला मिळत राहते. गर्भपात झाला, तरी सहा आठवडे रजा आहे. दुसरी बाई सोनपेठ किंवा गंगाखेडकडची, ऊसतोडीला जाणारी. तिला ५,०००. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होता. भागून बघा, सतरा दिवसांचीही मजुरी होत नाही. तिला फक्त बारा आठवडे घरी बसवायचं म्हटलं तरी याच दरानं जवळपास २५,००० रुपये लागतात.

एकीच्या १८० दिवसांसमोर दुसरीचे सतरा दिवस. बाळंतपण दोघींचं सारखंच असतं. उलट दुसरीचं शरीर जास्त थकलेलं.

आणि ऊसतोडीत आणखी एक मेख आहे. तिथं उचल एकट्या बाईला देत नाहीत, कोयत्याला देतात, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या आसपास टोळी निघते ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. बाई मध्येच बसली तर मोडतो तो अख्खा कोयता, आणि मुकादमाची उचल अंगावर राहते. तेव्हा ‘विश्रांती घे’ म्हणून तिला सांगणं सोपं आहे. तिच्या घरात बुडणारी मजुरी दोघांची असते, हे कोणत्याच हिशेबात धरलेलं नाही.

आपल्याकडं सव्वा महिन्याची चाल होती, अजूनही आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. म्हणजे विश्रांतीची गरज आपल्या आज्यांना कळत होती. फक्त ती विश्रांती त्याच घरात मिळायची जिथं कामाला दुसरे हात होते. हातावर पोट असणाऱ्या घरात तेव्हाही बाई आठव्या-दहाव्या दिवशी खुरपं घेऊन जायची.

हा प्रश्न नवा नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो: बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात राष्ट्राचं हित आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारनं उचलायला हवा. पण म्हणून मालक सुटत नाही, कारण बायका कामावर ठेवण्यात त्याचा स्वतःचा फायदा असतो. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई प्रांताचा कायदा झाला. तो कारखान्यातल्या बायकांसाठी होता. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं तो कायदा इथं लागूच नव्हता. गंमत अशी, की नंतरच्या कायद्यांनी भार मालकावर टाकला आणि बाबासाहेबांनी सरकारचा म्हटलेला मोठा वाटा मागं राहिला. ज्या बाईला नाव घेता येईल असा मालकच नाही, तिचं काय, हा प्रश्न त्यामुळं लोंबकळत राहिला. मुकादम मालक नाही, कारखाना म्हणतो आम्हीही नाही.

त्याचं उत्तर २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात आलं. कलम ४ म्हणतं, प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये. सरकारी नोकरीतल्या किंवा तसाच लाभ मिळणाऱ्या वगळून प्रत्येक. तिथं पहिलं अपत्य की दुसरं, मुलगा की मुलगी असा शब्द नाही. मग योजनेत तो आला कुठून? मुलीच्या जन्माला मान मिळावा, गर्भातच मुली मारल्या जाऊ नयेत, हा हेतू चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुसरा मुलगा झाला म्हणून बाईची मजुरी बुडायची थांबते का? म्हणजे इथं ‘भरपाई’ हा शब्द गळून पडला आणि ‘प्रोत्साहन’ तेवढं उरलं. २०१३ ची ६,००० ही रक्कमही तशीच आहे, महागाई कुठल्या कुठं गेली. तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत पोषण आहाराच्या संचासह १८,००० देतात, तेव्हा राज्याला जास्त देता येत नाही असं नाही.

नावाबद्दलही बोलतो. वंदना. मातेला वंदन करायला माझी ना नाही. पण मजुराची मजुरी थकली तर आपण त्याला नमस्कार करत नाही, पैसे देतो.

एक बोचणारी गोष्ट सांगायची राहिली. फॉर्म भरायला गावात कोण येते? आशाताई, अंगणवाडीताई. आणि पात्रतेच्या यादीत त्यांचीही नावं आहेत! आशाताईला सरकार कर्मचारी मानत नाही, स्वयंसेविका मानतं, म्हणून दुसरीला पैसे मिळवून देणारी ही बाई स्वतःही त्याच पाच हजारांच्या रांगेत.

असो. तक्रार बाजूला ठेवून, जे आहे ते पदरात पाडून घ्यायलाच हवं. चिठ्ठीवर एकानं विचारलंय, सून ऊसतोडीला जाणार आहे, काय करू? निघायच्या आधी गावात नोंदणी करा, माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याजवळच ठेवा, तुमच्या पेटीत नको. तपासणी जिथं असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात करून कार्डावर लिहून घ्या. बँक खातं तिच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. माहेरचं नाव आधारवर आणि सासरचं खात्यावर, यात पुष्कळ हप्ते अडकतात, ते आत्ताच बघून घ्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त, नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण बाईला जननी सुरक्षेचे ७०० रुपये वेगळे. घरातलं कुणी बांधकामावर असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंद आहे का विचारा. तिथं नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० मिळतात, दोन अपत्यांपर्यंत. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो मिस्त्री पळून जायच्या आत घ्या.

दुसरी चिठ्ठी वाचतो.