आहारनियमन करणाऱ्या रुग्णाची हरवलेली भूक

कांदाकाढणीच्या दिवसांत आमच्या चिकित्सालयात एका बाईंना दोघांनी धरून आणले. वय बावन्न, घरची शेती. वावरात वाकून काम करताना डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगाला दरदरून घाम फुटला व त्या खाली बसल्या, असा वृत्तांत. रक्तशर्करा पाहिली, ती ५४ निघाली. ग्लुकोज पाजल्यावर पंधरा मिनिटांत त्या बोलू लागल्या. आपत्ती टळली. परंतु त्यांचे जुने केसपेपर काढून वाचल्यावर आम्हांस जे दिसले, ते येथे नमूद करणे आवश्यक वाटते, कारण त्यात चूक आमची होती.

चार महिन्यांपूर्वी या बाई वजन कमी करण्यासाठी आमच्याकडे आल्या होत्या. वजन ७४ किलो, मधुमेह सहा वर्षांचा. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या गोळ्या अन्य डॉक्टरांकडून चालू. त्यांनी स्वतःहून दोन वेळच्या जेवणाची पद्धत धरली होती. आम्ही कौतुक केले, मेदोहर गुग्गुळ दिला व रात्री हलके जेवण्यास सांगितले. वजन उतरू लागले. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आता जेवणाकडं बघवतच नाही." आम्ही अग्निमांद्य असे निदान लिहिले, पाचन दिले आणि रात्रीचे जेवण जवळजवळ बंद केले. जिभेची नोंद केसपेपरवर नाही. गोळ्यांची मात्रा कमी करण्याविषयी त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याचीही नोंद नाही, कारण आम्ही बोललोच नव्हतो.

भूक नाही म्हणजे आम आहे, आणि आम आहे म्हणजे लंघन, ही साखळी आपल्या सर्वांच्या हाताला इतकी बसलेली आहे की मधली कडी तपासण्याचे भान राहत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसावा अध्याय, लंघनबृंहणीय, आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात पाठ केलेला आहे. सम्यक् लंघनाची लक्षणे सांगताना तेथे लाघव, उद्गारशुद्धी यांच्याबरोबरच रुची आणि क्षुधा व तृष्णा यांचा एकत्र उदय सांगितला आहे. म्हणजे लंघन योग्य झाले याची खूण भूक ही आहे. त्याच अध्यायात पुढे अतिलंघनाची लक्षणे येतात : पर्वभेद, अंगमर्द, मुखशोष, श्रोत्रनेत्रदौर्बल्य, मनाचा संभ्रम, आणि त्यांतच क्षुत्प्रणाश व अरुची. भूक नष्ट होणे हे अतिलंघनाचेही लक्षण आहे, हे वाचूनही आमच्यासारखे अनेक जण विसरतात. अशा रुग्णास अग्निमांद्य समजून पुन्हा लंघन देणे म्हणजे तहानलेल्याला पाणी तोडण्यासारखे होय.

सामावस्थेतील मंद भूक व अतिलंघनातील नष्ट भूक यांतील भेद अवघड नाही, फक्त पाहावा लागतो. पहिल्यात जीभ लिप्त असते, अंग जड असते, मल चिकट असतो, तोंड बेचव असले तरी कोरडे नसते. दुसऱ्यात जीभ कोरडी, मलप्रवृत्ती अल्प व कठीण, झोप उडालेली, पिंडऱ्या दुखणाऱ्या, उठताना भ्रम. आम्ही आता एक साधी गोष्ट विचारतो : खुरपणीला उकिडवे बसल्यावर हात न टेकता उठता येते का? वजन उतरले आणि उठणे अवघड झाले, तर उतरले ते केवळ मेद नव्हे, त्यात मांसही गेले. आणखी एक सावधगिरी. आहार न बदलता भूक गेली व वजन उतरले, तर ते आहारनियमनाचे यश न मानता क्षय, अर्बुद, वृक्कविकार, थायरॉईडची विकृती यांचा शोध आधी घ्यावा. मन खचल्यानेही भूक जाते, तेही विचारावे.

येथे स्थौल्याविषयी एक मुद्दा. चरकांनी अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले, त्यांत अतिक्षुधा व अतिपिपासा आहेत. मेदाने मार्ग रोधल्याने वायू कोष्ठात राहून अग्नी प्रदीप्त करतो, म्हणून ग्रंथातील स्थूल पुरुष सतत खाणारा असतो. त्याच्यासाठी गुरु आणि अपतर्पण असा आहार सांगितला. गुरु असल्याने तो तीक्ष्ण अग्नीला पुरतो आणि अपतर्पण असल्याने मेद वाढवीत नाही. मध हे त्याचे टीकाकारांनी दिलेले उदाहरण. आज आपल्यापुढे बसणारा पुष्कळसा स्थूल रुग्ण मात्र बैठ्या कामाचा किंवा औषधे घेणारा असतो व त्याला भूकच कमी असते. त्याला ग्रंथातील स्थूलाची चिकित्सा जशीच्या तशी लावता येत नाही. (सकाळी कढत पाण्यातून मध घेण्याची रीत घरोघरी पसरली आहे. उष्णाबरोबर मध निषिद्ध आहे, हे सांगून आमचा घसा बसला.)

दोन वेळच्या जेवणाची पद्धत महाराष्ट्रात दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केली. कडक भूक लागते अशा दोन वेळा ओळखाव्यात व त्या वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत पोटभर जेवावे, असे तिचे स्वरूप. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांनी त्यातले 'दोन वेळा' तेवढे उचलले व 'कडक भूक' आणि 'पोटभर' ही दोन्ही पदे गाळली. ज्याला कडक भूक लागतच नाही, तो दोन वेळांत पोटभर जेवू शकत नाही. त्यात आमचे आळे. माउलींनी ज्याच्या मुखी वेद वदविले असे सांगतात, त्या रेड्याची समाधी येथे आहे. वारकरी वळण जुने, एकादशी बहुतेक घरांत. वर चतुर्थी, कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार. बाईंचे महिन्यातले आठ दिवस उपवासाचे होते व त्या दिवशी साबुदाण्याच्या चार घासांवर त्या राहत. गोळी मात्र रोजच्याप्रमाणे.

त्यांच्या आहाराचा हिशेब आम्ही उशिरा केला. दुपारी बाजरीची एक भाकरी, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम पीठ व त्यातून सात-आठ ग्रॅम प्रथिन. संध्याकाळी वाटीभर भात आणि पातळ आमटी, त्यातून आणखी सहा-सात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनास ०.८३ ग्रॅम प्रथिन लागते. तोवर त्यांचे वजन ६५ झाले होते, म्हणजे सुमारे ५४ ग्रॅम हवे. त्यांना वीसही मिळत नव्हते.

गुग्गुळ थांबविला. मधुमेहाच्या गोळ्या आम्ही परस्पर बंद केल्या नाहीत. त्यांच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला व त्यांनी ग्लिमेपिराइडची मात्रा उतरविली. क्रिएटिनिन तपासून घेतले, ते ठीक होते. नंतर संसर्जनक्रमाची कल्पना मनाशी धरून आहार चढविला. शोधन झालेले नसले तरी क्षीण झालेल्या अग्नीला पेया, विलेपी, यूष या पायऱ्यांनीच जागे करावे लागते. पहिले चार दिवस मुगाचे कढण, त्यात आले, सैंधव व चमचाभर तूप, दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी वाटीभरच. पाचव्या दिवसापासून हुलग्याचे माडगे. कुलत्थ व मुद्ग हे दोन्ही चरकांनी स्थूलासाठी सांगितलेल्या धान्यांत आहेत आणि दोहोंत १०० ग्रॅमला वीस ग्रॅमहून अधिक प्रथिन आहे, म्हणून येथे जुने व नवे शास्त्र भांडत नाही. दुपारी अर्धी भाकरी व घट्ट पिठले. पहिल्या घासाबरोबर तुपातून हिंग्वाष्टक.

पाण्याचा नियम बदलला. जेवणाच्या आरंभी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा सम राहतो व शेवटी पिणारा स्थूल होतो, असे वाग्भटांचे मत आहे. वजन उतरविणारे त्यामुळे आधी तांब्याभर पाणी पितात. भूक असलेल्यास ते चालेल. भूक नसलेल्याचे तेवढ्यानेच पोट भरते. बाईंना घोट घोट मध्येच घेण्यास सांगितले.

तिसऱ्या आठवड्यात जावई आले म्हणून घरी मासवडी झाली. बाईंनी रश्श्याबरोबर चार वड्या खाल्ल्या आणि घाबरून आमच्याकडे विचारायला आल्या. बेसन, तीळ, खोबरे, शेंगदाणे, सारेच गुरु. आम्ही नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि पुढच्या वेळी दोन खा, असे सांगितले. रुचीने खाल्लेले ते पहिले अन्न होते.

औषधी दुकानदारांसाठी एक गोष्ट वेगळी लिहावीशी वाटते. सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपाने २०२२ मध्ये भारतात आले, मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइडचे व जून २०२५ मध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइडचे साप्ताहिक इंजेक्शन आले. ही औषधे जठर रिकामे होण्याची गती मंद करतात व मेंदूतील भुकेची जाणीव कमी करतात. आळेफाट्यावरच्या गिऱ्हाईकापर्यंतही ती पोहोचतील. अशा व्यक्तीने मेदोहर गुग्गुळ किंवा त्रिफळा मागितली, तर आधी कोणते औषध चालू आहे ते विचारावे आणि देण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे. भूक वाढविणारे आसव मागणाऱ्या वृद्धालाही तेच विचारावे. मेटफॉर्मिननेही कित्येकांची भूक जाते. तेथे आसवाने काही साधत नाही.

बाईंचे वजन सध्या ६६ आहे. एकादशी त्या करतात. त्या दिवशी भगर, दाण्याची आमटी, दूध आणि राजगिरा असा आहार ठरवून दिला आहे, व त्या दिवशीची गोळी कशी घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले आहे. ती चिठ्ठी त्यांनी देव्हाऱ्याशेजारी चिकटविली आहे.